बाबांचा पांढरा झब्बा

मॉरिसव्हिल, मार्च २००४

ती. आईस नमस्कार,

मी मजेत आहे, वेळेवर जेवतो. तुझा गुडघा कसा आहे?

मला डबा आणून देणाऱ्या शेजारच्या अर्नेस्टीनकाकू गेल्या. त्यांच्या ब्लॅक लोकांच्या चर्चमध्ये अंत्यविधीला मी तू पाठवलेला बाबांचा पांढरा झब्बा घालून गेलो. बाकी सगळे काळ्या कपड्यांत! पांढऱ्यात फक्त तिथल्या मानाच्या म्हाताऱ्या बायका, त्यांचा तसा रिवाजच आहे. त्यांनी मला आपल्यातच बसवून घेतलं.

नंतर जेवताना एकेक जण उठून काकूंच्या आठवणी सांगत होता. रडता रडता सगळे हसत होते.

एका आजींनी झब्ब्याची बाही चाचपली. "कुणाचा रे?"

"वडिलांचा. ते गेले."

"मग ऊठ, त्यांच्याबद्दल सांग."

आई, व्हिसापायी मला तेव्हा येता आलं नाही. त्यानंतर बाबांबद्दल पहिल्यांदाच बोललो, तेही इंग्रजीत, परक्यांपुढे.

आपण फोनवर त्यांचा विषयच काढत नाही. रविवारी काढशील?

तुझा
अनीश