हवेच्या गादीवरची पाहुणी

बाई, परवा माझी नात मोबाइल घेऊन शेजारी येऊन बसली. तिला हवेची गादी घ्यायची आहे. मैत्रिणींबरोबर डोंगरावर तंबूत राहायला जायचं आहे, आणि एरवी कुणी मुक्कामाला आलं तर दोन खोल्यांच्या घरात तीच अंथरायची. "आजी, यातली कुठली घेऊ?" म्हणून तिनं एकामागून एक चित्रं दाखवली. मी म्हणाले, चित्रावरून कळत नाही गं, फुगवून वर झोपावं लागतं, शिवणीला कान लावावा लागतो. ती हसली, "तुला काय माहीत?" मला कुठून माहीत, ते तुम्हीच जाणता. तुम्हाला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. हे दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नव्हतं आणि तुम्हाला सांगायचं राहिलं, म्हणून आज वही उघडली आहे.

तुम्हाला आठवत असेल, आमचं सायकलचं दुकान मुंबई रस्त्यावर, आकुर्डीच्या अलीकडे होतं. दुकान कसलं, चार पत्रे आणि पाण्याचं एक घमेलं. पिंपरीला तेव्हा औषधांचा कारखाना उभा राहत होता, तिथं कामाला जाणारी माणसं सायकलीवरून यायची आणि त्यांच्या पंक्चरांवर आमचं घर चालायचं. माझ्या वडलांची, दादांची, नजर अधू झाली होती. ट्यूब पाण्यात दाबली की बारीक बुडबुडा त्यांना दिसायचा नाही, तो मी बघायची. सोल्युशन लावून ठिगळही मीच बसवायची. शाळेत मुली माझ्या बोटांचा वास घेऊन नाकं मुरडायच्या. तुम्ही एकदा भर वर्गात माझा हात धरून वर केलात आणि म्हणालात, "बघा, या हातांना काम येतं." मी सातवीत होते. त्या दिवसापासून तुम्ही म्हणाल ती माझ्यासाठी पूर्व दिशा झाली.

त्याच वर्षी चऱ्होलीच्या पुढं इंद्रायणीच्या काठावर मुलींचं शिबिर भरायचं ठरलं. आठ दिवस तंबूत राहायचं, रस्ता बांधायचा, संध्याकाळी गाणी. प्रत्येक शाळेतून एकच मुलगी आणि एक बाई. पुण्याहून मोठ्या बाई तपासायला येणार होत्या आणि त्यांना पसंत पडतील त्या मुलींची पुण्याच्या वसतिगृहात सोय होणार होती, म्हणजे सातवीच्या फायनल परीक्षेनंतर पुढं शिकून शिक्षिका होता येणार होतं. तुम्ही मला मधल्या सुट्टीत बोलावून सांगितलंत, "आपल्या शाळेतून तू." दादांना सांगितलं तर ते पाना हातात धरून तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "बाईंनी सोता नाव घातलं? मंग जायचं. दुकानाचं मी बघतो."

तुमची पाठ दुखायची, जमिनीवर झोपणं तुम्हाला जमायचं नाही. शिवाय तुमची एकच खोली, पाहुणं आलं की त्यांना कुठं निजवायचं हा प्रश्न. म्हणून देहूरोडला पलटणीचा जुना माल विकणाऱ्या दुकानात हवेची गादी घ्यायला तुम्ही मला बरोबर नेलंत. एस.टी.त मला खिडकीशी बसवलंत. दुकानदार फाळणीत इकडं आलेला, सरदारजी. त्यानं तीन गाद्या फुगवून फळ्यांवर मांडल्या. पहिली नुसत्या रबराची, उन्हानं चिकट झालेली; हात लावला की सोडेना. दुसरी दिसायला सगळ्यांत देखणी, निळी, उशी जोडलेली. तुम्हाला तीच आवडली होती. मी गुडघे टेकून तिच्या शिवणीवर गाल ठेवला, तर गालाला बारीक वारा लागला. "बाई, ही सकाळपर्यंत टिकायची नाही." सरदारजी म्हणाला, "बेटी, नई जैसी है." मी म्हटलं, पाणी आणा. त्यानं बादली आणली, मी कोपरा दाबला आणि बुडबुड्यांची माळच निघाली. सरदारजी मोठ्यानं हसला. तिसरी खाकी, जाड कापडाची, पितळी व्हॉल्वची. तिच्यावर तुम्हाला झोपायला लावलं, मग थोडी हवा सोडली, कारण टम्म फुगवली तर पाठीला ती फळीसारखीच लागते. तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "आता बरं वाटतंय गं." येताना घडी माझ्या मांडीवर होती. मला वाटत होतं, आपण दोघी एकाच तंबूत असू आणि रोज ती मीच फुगवीन.

शिबिराला दोन दिवस राहिले तेव्हा तुमचा निरोप आला, पंप घेऊन ये, गादी उतरतेय. मी दुपारी आले. तुमच्या खोलीत गादी अंथरलेली आहे आणि तिच्यावर माझ्याएवढी एक मुलगी पालथी पडून पुस्तक वाचते आहे. तुमच्या बहिणीची मुलगी, पुण्याहून मुक्कामाला आलेली. तिनं उठून मला जागा दिली. तिच्या केसांतल्या आकड्यानंच भोक पडलं होतं. मी जागा घासली, सोल्युशन लावलं, वाळायला वेळ लागतो म्हणून फुंकर घालत बसले. बसल्या बसल्या विचारलं, "बाई, परवा गाडी किती वाजता? मी फाट्यावर उभी राहू का?"

तुम्ही स्टोला पिना मारत होतात. वळला नाहीत. ती मुलगीच म्हणाली, "मावशी, तू सांगितलं नाहीस हिला? शाळेतून मी जातेय ना."

"हिचं नाव आता आपल्या शाळेत घातलंय," तुम्ही स्टोकडे बघत म्हणालात. "एकच नाव घेतात गं. तुझं काय, तू लहान आहेस, पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी मी शाळेतच नसणार होते, बाई. आपली शाळा सातवीपर्यंत. ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मी ठिगळ अंगठ्यानं दाबून बसवत होते, तेव्हा तुम्ही वळलात आणि विचारलंत, "ठिगळ नीट बसलंय ना पण? आठ दिवस टिकायला हवं." मी म्हटलं, बसलंय. खरंच नीट बसवलं होतं. पुन्हा पाणी लावून बघितलं, एकही बुडबुडा नव्हता. तुमच्या भाचीचे वडील त्याच वर्षी गेले होते, तिच्या आईला कुणाचा आधार नव्हता, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तर राग कमी झाला असता का, सांगता येत नाही. तुम्ही तिला निवडलंत याचं एवढं वाईट वाटलं नाही, पण तिची गादी दुरुस्त करायला मला बोलावलंत, आणि तेही मला काही न सांगता, ते लागलं.

घरी दादांनी विचारलं, "कवा निघायचंय?" तुमचं नाव वाईट होऊ नये म्हणून मी म्हणाले, मलाच न्हाई जायचं. ते भडकले. "दोन म्हैने तेच गाणं ऐकतोय, अन् आता न्हाई? बाईंना काय तोंड दाखवू मी?" पुढं कितीतरी दिवस ते माझ्याशी धड बोलले नाहीत. शेवटपर्यंत त्यांची समजूत तीच राहिली, की पोरीनं हातातलं घालवलं. तुमची भाची शिक्षिका झाली. माझं लग्न झालं, मुलं झाली, भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये रबरी नळ्या तपासायचं काम मिळालं आणि त्यात मी हुशार समजली गेले.

मग एकदा चिंचवडच्या भाजीबाजारात तुम्ही भेटलात. काठी होती, सून बरोबर होती. तुम्ही सुनेला म्हणालात, "ही माझी सगळ्यांत गुणी विद्यार्थिनी. शिबिराला हिचंच नाव घातलं होतं मी, पण ऐन वेळी हीच नाही म्हणाली. वडलांनी सोडलं नसणार." आणि माझ्याकडे बघून, "हो ना गं?" मी तुमच्या तोंडाकडे बघत राहिले. तिथं खोटेपणा कुठंच दिसेना. तुम्ही ते खरंच तसं लक्षात ठेवलं होतंत. दादांपाशी मी तुमच्यासाठी जे खोटं बोलले होते, तेच तुम्ही माझ्या नावावर खरं करून टाकलं होतंत. मी म्हणाले, "हो बाई."

हे पत्र कुठं पाठवणार? नातीला दाखवायचं नाही, वहीतच राहील. पण एक गोष्ट लिहून ठेवते. त्या दिवशी बाजारात मी हो म्हटलं ते तुमच्या म्हातारपणाकडे बघून, सुनेसमोर तुमचा मान राहावा म्हणून, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. तसं नव्हतं, बाई. इतक्या वर्षांनी, एवढ्या गर्दीत तुम्ही मला ओळखलंत, याचाच मला आनंद झाला होता.