शाळेतली माझी खुंटी

प्रिय बाबा,

आई आणि मी मजेत आहोत. इथे फ्रान्समध्ये, लियोंच्या शाळेत जेवण झकास मिळतं, तेव्हा मी रोडावले असेन अशी काळजी करू नकोस.

पहिल्याच दिवशी मी आपल्या शाळेत काढतो तसे बूट वर्गाबाहेर काढले आणि मोज्यांवर आत गेले. बाई म्हणाल्या, "झोपायला आलीस का?" सगळा वर्ग हसला. इथे बाई आल्या की उभं राहायचं, त्या सांगतील तेव्हाच बसायचं. आपल्या फिनलंडमध्ये तू शिक्षक असूनही पोरं तुला वर्गातही नुसतं 'तापानी' म्हणतात, हे इथे कुणालाच खरं वाटत नाही.

तास रिकामा असला तरी फाटकाला कुलूप असतं. मी गज धरून उभी राहते. रखवालदार विचारतो, "पळून जाशील कुठे?" मीही हसते.

हल्ली मी बाकाखाली गुपचूप बूट काढते. तेवढंच बरं वाटतं.

तळं गोठलं का? वर्गाबाहेरची माझी खुंटी तू नव्या मुलीला देणार आहेस, असं आई म्हणाली. दे. फक्त माझं नाव खरवडू नकोस, तिचं त्याच्यावर चिकटव.

अजून मोज्यांतच असलेली, तुझी
वील्या