कापूर किती दिवसांत उडतो

गुरुजी, उद्या सकाळी मारुतीच्या देवळाची किल्ली माझ्याकडे येणार आहे. पुजारीबाबा आता थकलेत, म्हणून गावाने मला सांगितलं. तेव्हापासून मी एका जागी बसू शकत नाही. शेतात जातो, पाणी बघतो, बांधावरूनच परत येतो. बायको म्हणते, काय हरवलंय? तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली. विचारायचं ते आता कुणाला विचारू?

सातवीत तुम्ही पदार्थाच्या अवस्था शिकवत होता. घन, द्रव, वायू. वाटीतलं थिजलेलं तूप उपडं करून दाखवलंत, उन्हात पातळ करून दाखवलंत. मग परातीत पाणी घेऊन कापराचा एक कण सोडलात, तर तो आपोआप धावू लागला. ना वारा, ना धक्का. ते माझ्या डोक्यातून जाईना. तेव्हा संध्याकाळच्या आरतीचं ताट मी लावायचो, कापराची पितळी डबी माझ्याच हातात असायची. आठवडाभर रोज चार-पाच वड्या खिशात घातल्या आणि बैलांच्या हौदात चुरून सोडल्या. देवाचं घेतोय हे कळत होतं. तरी हात थांबला नाही.

पुजारीबाबा डबी घेऊन थेट वर्गात आले. "मास्तर, अर्धी डबी खाली व्हई गई. हाऊ पोऱ्याच हात लावस तिले."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं, आता छडी. तुम्ही विचारलंत, "झाकण उघडं राहिलं होतं का रे?" मी होकारार्थी मान हलवली. झाकण मी रोज स्वतः लावत होतो, गुरुजी.

मग तुम्ही स्पिरिटचा दिवा पेटवलात. वाटीत एक वडी ठेवली, वर काचेचा पेला पालथा घातला. मी अजून बघतोय, पेल्याला आतून पांढरी बुरशी धरल्यासारखा कापूर चिकटत चाललाय. "बघा बाबा, याला मधे पाणी व्हावं लागत नाही. घनाचा सरळ वायू होतो. झाकण उघडं राहिलं की उडतो."

बाबा पेल्यात डोकावले आणि म्हणाले, "मंग हाऊ मन्ही बायकोगत शे. सांगणं नही, इचारणं नही, सरळ माहेर!" सगळा वर्ग हसला. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पोऱ्या खरा शे." तो शब्द गावाने आजवर धरून ठेवलाय. किल्ली त्यावरच मिळतेय.

शाळा सुटल्यावर तुम्ही मला बुचाची एक बाटली दिलीत. "कापूर यात ठेवत जा. बूच घट्ट लाव." बस, एवढंच. पुढे कधी विषय काढला नाहीत.

ते सारंगखेड्याच्या यात्रेच्या थंडीतले दिवस होते. यंदा त्याच थंडीत मी दुकानातून दहा वड्या आणल्या आणि देवघरात उघड्या डबीत ठेवल्या. आज आठवा दिवस. दहाच्या दहा आहेत. कडा तेवढ्या जराशा गोल झाल्यात. म्हणजे आठवड्यात अर्धी डबी उडत नाही, आणि हे विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला ठाऊक नसेल असं होत नाही. तुम्ही एक शब्द खोटा बोलला नाहीत, फक्त किती दिवस लागतात ते सांगितलं नाहीत. ते माझ्यासाठी केलंत का? आणि ती बाटली माफी होती की शिक्षा? इतकी वर्षं मी तिला बक्षीस समजत होतो. रोज देवापुढे उभा राहतो, पण त्याला हे विचारायचा धीर होत नाही.

बाबा सकाळी ओट्यावर उन्हाला बसतात. उद्या किल्लीला हात लावण्याआधी आठ दिवस उघडी राहिलेली ही डबी त्यांच्यासमोर ठेवणार आहे. ते किल्ली परत घेतील, की नुसते हसतील, मला माहीत नाही.

हे पत्र कुठे टाकणार? तुमच्या बाटलीतच घालून ठेवतो. आणि एक सांगायचं राहिलं. आत्ता लिहिता लिहिता उठलो, एक वडी चुरली आणि परातीत पाण्यावर सोडली. अजून तशीच धावते, गुरुजी. उद्या बाबा मोजतील तर नऊच भरतील. दहावी कुठे गेली म्हणाले तर सांगेन, मी घेतली.