हळदीकुंकवाखालचा गंज

अण्णा,

तुमचा ग्रामोफोन मी कपाटावरून खाली काढला. तुम्ही असताना त्याला हात लावायचा तर आधी हात धुवायचे, पुसायचे आणि कोरडे झाल्याचं तुम्हाला दाखवायचं. घामट हात तुम्ही परत पाठवायचात. अक्षरंही शाळेच्या आधी तुम्हीच शिकवलीत, तबकड्यांवरच्या गोल कागदांवरून. बोट अक्षराखालून फिरवायचं, अक्षरावर टेकवायचं नाही. ऑफिसात मी अजून फायली तशाच वाचते. शेजारच्या टेबलावरची त्यावरून हसते, आणि मग मी बोट पदराखाली घेते.

त्या संध्याकाळी संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला सगळी चाळ चौपाटीवर निघाली होती, बायकांबरोबर आईसुद्धा. शेजारचे काका टोपी सारखी करत गॅलरीत थांबले. "काय गं, कर्णा घासतेस? सभेला देणार काय?"

"गंजलाय हो, काका."

"मग राहू दे. आमच्या चाळीचे गळे पुरेत! तू येत नाहीस?"

मी नाही म्हणून मान हलवली. घोषणा जिना उतरून रस्त्याला लागल्या आणि चाळीत इतकी शांतता झाली की वाटीतल्या रॉकेलमध्ये टाकलेला स्क्रूसुद्धा वाजला. मला एकदम तुमचं दुरुस्तीचं दुकान आठवलं. तुम्ही ग्रामोफोनला चावी भरायची गंजलेली किल्ली आणि रॉकेलचा बोळा माझ्या हातात देता, मी घाईने पॉलिशपेपर उचलते, आणि तुम्ही गिऱ्हाइकासमोर म्हणता, "गंज काढायला सांगितला होता, किल्ली नाही." गिऱ्हाईक हसतं. तुम्ही हसत नाही.

म्हणून मी बोळ्यानेच, हळूहळू सुरुवात केली. इतकी वर्षं मी समुद्राच्या खाऱ्या हवेला दोष देत होते. पण हवा सगळीकडे सारखी लागते. हा गंज फक्त बोटाएवढ्या ठिपक्यांनी आला होता: कर्ण्याच्या काठावर, किल्लीच्या वाकावर, तबकडी ठेवायच्या थाळीच्या पुढच्या कडेला. रंग असा की बराच वेळ मी कुंकूच पुसते आहे असं वाटत होतं. मग कळलं. तुम्ही गेल्यानंतरही दर दसऱ्याला आई हे यंत्र पाटावर मांडते, फुलाने पाणी शिंपडते, अनामिकेने हळदीकुंकू लावते आणि ओला झेंडू दुसऱ्या दिवसापर्यंत तसाच ठेवते. स्वतःच्या कपाळावरचं गेलं, पण तुमच्या यंत्राचं तिनं चुकवलं नाही. मागे कुणीतरी त्यावरून कुजबुजलं, तेव्हा शांतपणे म्हणाली होती, "हत्याराला सवाष्ण लागत नाही."

आता तिला काय सांगू? सांगावं तर तुझ्या पूजेनेच त्यांची वस्तू खाल्ली असं म्हटल्यासारखं होणार. न सांगावं तर कधीतरी कर्ण्याला भोक पडणार. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. स्टोव्ह विझला का, ते बघायला मी जिन्यातून परत येते. दसरा येईपर्यंत मला धड जेवण गेलं नाही. मधल्या दिवसांत मी कर्ण्यावरचे डाग बारीक कुंचल्याने काळ्या रंगात भरले. किल्लीवरचं गेलेलं निकेल परत आणता येत नाही, तिथे नुसतं मेण घासून चकाकी आणली. लांबून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. मला कळत होतं.

दसऱ्याच्या सकाळी आईनं फूल पाण्यात बुडवलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, पाणी नको. लोखंड गंजतं."

तिनं हात थांबवलासुद्धा नाही. "मला काय सांगतेस? लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्यालाच ह्यांनी सांगितलंय. मी म्हटलं, मग काय कोरडी पूजा करू? तर म्हणाले, तू कर तुझी, मी मागून पुसतो."

"पुसायचे?"

"दरवर्षी. मी पान वाढायला आत गेले की पुसायचे, तेलाचा हात फिरवायचे. मला कळू नये म्हणून कुंकू पुन्हा लावायचे. तेही वाकडं!" ती हसली. असं हसताना मी तिला कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

"मग नंतर तू का नाही पुसलंस?"

"मी केलेली पूजा मीच पुसू होय?" असं म्हणून तिनं सगळीकडे पाणी शिंपडलं, हळदीकुंकू वाहिलं आणि पान वाढायला आत गेली. पानं दोनच, पण तिनं पंगत वाढायला लागेल इतका वेळ घेतला. मी फडकं आणलं. पुसलं, तेल लावलं, कुंकू पुन्हा लावलं.

हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून एक लिहिते. तुमचं सगळं काम मला येतं असं मी धरून चालले होते, आणि त्याच आधारावर तुमच्याशिवाय राहत होते. हे एक काम, याच खोलीत, माझ्यापासून हातभर अंतरावर तुम्ही करत होतात आणि मला दाखवलं नाहीत. त्या दिवशी जेवताना मला आईचा हेवा वाटला. तिनं दोनदा विचारलं, श्रीखंड वाढू का गं, आणि मी मान वर न करता नको म्हटलं.