सुकदेवसाठी उन्हाचं पाणी

गोडादरा, सुरत
१८ जानेवारी

प्रिय सुकदेव,

किरणनं फोनवर तुझा निरोप दिला, 'पप्पांना प्रवास झेपणार नाही, चंचलच्या लग्नात मामा म्हणून मीच उभा राहतो.' तुझा पोरगा गुणी आहे, पण तो माझ्या पोरीचा मामेभाऊ. मामा नव्हे. तेव्हा तो निरोप मी तूर्त घेतलेलाच नाही. आधी माझी बातमी ऐक. घरामागच्या मोकळ्या जागेत मी उघड्यावरची न्हाणी बांधली आहे. वर फवारा, आणि पाणी तापवायला सूर्य. वीज नाही, गॅस नाही, पंपसुद्धा नाही.

ठिबकची काळी नळी असते ना, ती शंभर फूट आणली, लाकडी चौकटीत गोल गुंडाळून बसवली. खाली काळा रंग दिलेला पत्रा, वर पर्वत पाटियाच्या भंगारबाजारातून शोधलेली खिडकीची काच. आता चूकही सांगतो, तुझ्यापासून काय लपवायचं. पहिल्यांदा चौकट गच्चीवर ठेवली आणि टाकी खाली. दुपारी नळी हात लावू देईना आणि टाकी मात्र गार. शेजारचे गुजराती काका भिंतीवरून विचारून गेले, 'बन्सीभाई, आ शुं मांड्युं छे?' दोन दिवस मी टाकीसमोर बसून राहिलो. मग डोक्यात उजेड पडला, की गरम पाणी वर चढतं, खाली उतरत नाही. चौकट खाली आणली, टाकी तिच्या दोन फूट वर, फवाऱ्याहूनही उंच घेतली, आणि पाणी आपलं आपण फिरायला लागलं. आठवीतून शाळा सोडलेल्या माणसानं हे केलंय, एवढं ध्यानात ठेव.

टाकीला लूमखात्यातल्या चिंध्यांची चार बोटं जाड गोधडी शिवली. दुपारी तीनला पाणी अठ्ठावन्न अंश, दुसऱ्या दिवशी सकाळी सातला चव्वेचाळीस. डाइंगच्या मास्तरकडून थर्मामीटर मागून आणलंय, अंदाजपंचे काही नाही. कुंदनला तरी धीर नव्हता. 'मना भाऊले चटका बसना ते?' एवढंच तिचं चालू. लकव्यानंतर तुझ्या डाव्या अंगाला ऊन-गार कळत नाही, हे तिच्या मनातून जात नाही. म्हणून गार पाण्याचा नळ मधे जोडला आणि सकाळी अंघोळीच्या वेळी फवाऱ्यातून चाळीस अंशांच्या वर पाणी येणार नाही अशा बेतानं खूण करून दोन्ही चाव्या तिथेच आवळून टाकल्या. रोज सकाळी मोजतो. वहीत लिहितो.

फरशी कोटाची, खरबरीत बाजू वर. पायरी नाही. सहा इंचांच्या चढाला सहा फुटांचा उतार दिलाय. चारी बाजूंनी जाड कापडाचा पडदा, आणि तो ओढायची दोरी उजव्या हाताला. साबणाचं कपाट उजवीकडे, नळ उजवीकडे, धरायचा पाइप उजवीकडे. भाड्यानं चाकाची खुर्ची आणली, कुंदनच्या ओढणीनं डावा हात अंगाला बांधून घेतला आणि स्वतः अंघोळ करून पाहिली. नळ पहिल्यांदा चार इंच उंच पडला होता, तो खाली घेतला. तुझी बहीण म्हणाली, 'आता तोंडही बांधून घ्या, घरात जरा शांतता होईल.' पण सुकदेव, तिसऱ्या दिवशी मी पडद्याआड एकटा गेलो, एकटा न्हालो, अंग पुसून एकटा बाहेर आलो. कोणाला हाक मारावी लागली नाही. सकाळचं कोवळं ऊन खांद्यावर होतं आणि डोक्यावर कोमट पाणी. मी पाऊण तास आत होतो.

लग्न बारा फेब्रुवारीला आहे. मामानं आणल्याशिवाय मांडवात पाऊल ठेवणार नाही, असं चंचलनं परवा सगळ्यांसमोर सांगितलं. खुर्चीवरून कसं आणणार, असं कोणीतरी विचारलं, तर म्हणाली, 'मामा खुर्चीवर, मी बाजूला, हात धरून. त्यात काय?'

दिवाळीत तू आठ दिवसांसाठी आला होतास आणि दुसऱ्याच दिवशी पहाटेच्या गाडीनं निघालास. कारण सांगितलंस औषधं विसरल्याचं. कुंदनला ते खरं वाटलं. तुझी खुर्ची आमच्या बाथरूमच्या दारात अडकली, तू नुसत्या टॉवेलावर, मागे सगळं घर जमलेलं, आणि मी ओरडलो, 'धोटा अडकला, मशीन बंद करा!' बावीस वर्षं कतारगामच्या लूमवर सुताचा धोटा अडकला की आपण दोघं हेच ओरडत आलो, तसंच तोंडातून गेलं. सगळे हसले. तूही हसलास. पण तुझा उजवा हात टॉवेलाची गाठ घट्ट धरून होता, ते मी पाहिलं, आणि तरी हसत राहिलो. औषधांची पिशवी तुझ्या मांडीवरच होती, तेही पाहिलं आणि गाडीवर सोडायला आलो, एक शब्द बोललो नाही. अडीच महिने नळ्या जोडल्या आणि आता एवढी पानं लिहिली, कारण एक वाक्य हातून उतरत नव्हतं. मी चुकलो, सुकदेव. मामा म्हणून ये, आणि माझ्यावर राग असेल तर तो घेऊनच ये.

तुझी वाट पाहणारा, तुझाच
बन्सीलाल