नवऱ्याचं नाव

१० डिसेंबर १९८६

त्या भैय्याजीच्या तोंडात शेण! बाई दारात उभी, कडेवर तापानं फणफणलेली पोरगी, अंगावर एक पातळ लुगडं — आणि हा खुर्चीवरून विचारून राहिला, "नवऱ्याचं नाव सांगा, मंग आत या."

बाईनं आपलं नाव सांगितलं — वंदना. सौंसरकडची, म्हणे. नवऱ्याचं नाव विचारलं की मान खाली.

"नाव नाई म्हणजे नवरा नाई. आन् नवरा नाई म्हणजे काहीतरी भानगड आहे," भैय्याजी म्हणाला. हा आमच्या रैनबसेऱ्याचा सचिव. कमिटीनं ठेसनाजवळ बेघरांसाठी दोन खोल्या बांधल्या अन् किल्ली याच्या हातात दिली. माकडाच्या हाती कोलीत!

मी म्हटलं, "भैय्याजी, तुमच्या बायकोनं कधी चारचौघात तुमचं नाव घेतलं काय? नाही ना? मग ते बी भानगडीचीच काय?"

दोन दिवस राहू द्या, म्हणाला. नाव लिहिलं तर पुढं.

११ डिसेंबर

मी इथं फुकट राबते. रोज संध्याकाळी डाळ-भात. सून मालती म्हणते, "घरात आमचं डोकं खाण्यापेक्षा तिकडं चार जणाईले जेवू घाला." खरं आहे तिचं. तिला सांगणार नाही.

लोक म्हणतात, पुण्य लागते. पुण्य गेलं चुलीत! ओली लाकडं फुकून डोळे गेले माझे. आणि जेवणारे तरी कुठले संत? एक म्हातारा रोज म्हणतो, डाळीत मीठ कमी. म्हटलं, रडून घे दोन थेंब, होईल खारट.

वंदनाची पोरगी दोन घास खाते, तिसरा मुठीत लपवते.

१२ डिसेंबर

आज मुदत संपली. भैय्याजी रजिस्टर उघडून बसला. वंदना पोरीलाच थोपटून राहिली. ताप उतरला नाही पोरीचा, बाहेर ही ठंड! मला राहवलं नाही. म्हटलं, "अवं, सरळ घेता येत नसेल तर उखाण्यात घे. मी जोडून देते तुले —

संत्र्याच्या फोडीत बिया दोन-चार,
अमक्याचं नाव घेते, उघडा तुमचं दार!"

सगळ्या बायका जमल्या. "घे वं! लाजते काहून एवढी!" ती मान हलवून राहिली. मग मीच कडक झाले — "पोरीले घेऊन रस्त्यावर झोपतं काय?"

शेवटी घेतलं. ऐकू येईल न येईल असं — तुळशीराम.

टाळ्या पडल्या. लग्नघरच झालं! तेवढ्यात ती पोरगी उभ्या जागी मुतली. मी ओरडले तिच्यावर, आत्ताच झाडलं होतं.

भैय्याजीनं लिहून घेतलं. "सौंसरचा तुळशीराम काय? संत्र्याचे ट्रक भरते, तो?" वंदनानं तोंड फिरवलं. लाजली असेल.

जिंकले मी! मोठा कायदा शिकवत होता.

१३ डिसेंबर

लाकडं ओलीच. बाकी काही नाही.

१४ डिसेंबर

भैय्याजी हसत आला. सौंसरच्या बसवाल्याकडून निरोप धाडला होता, म्हणे. "उद्या नवरा येते घ्यायले. आपण घर जोडलं, आजी!"

वंदनाच्या हातून परात पडली.

लाज नव्हतीच ती. नाव लपवून ठेवलं होतं तिनं, चुलीपाशी सगळं सांगितलं. भाकर कच्ची राहिली म्हणून त्या नावाच्या माणसानं तिचा हात दाराच्या फटीत चेंगरला. पोरगी बापाचं नाव ऐकलं की मुतते. आणि मी तिला झाडण्यावरून बोलले!

"खोटं नाव सांगाचं होतं ना, मूर्खे!" ओरडले मी. राग माझ्यावरचा, काढला तिच्यावर.

ती म्हणाली, "दुसऱ्याचं नाव नवरा म्हणून जिभेवर येतच नाई, आजी. तुम्हाले आलं असतं काय?"

नसतं आलं. आमचे हे जाऊन वर्षं झाली. मारायचे नाहीत, पण कामाचेही नव्हते. तरी त्यांचं नाव इथं कागदावर लिहायला हात उठत नाही. आग लागो या रीतीला! अन् त्याच रीतीचा मी फास केला, वरून गाणं जोडून तिच्या गळ्यात घातला.

१५ डिसेंबर

आला. इस्त्रीचा सदरा, हातात पेढ्यांचा पुडा. माझ्या पाया पडला! "माय, तुम्ही माह्या लक्ष्मीले सांभाळलं." जीभ नुसती गुळाची. भैय्याजी त्याला चहा पाजून राहिला.

मी म्हटलं, "सकाळीच गेली. मले काय माहीत कुठं."

ती माझ्या घरी, स्वयंपाकघरात होती. मालतीनं एक शब्द विचारला नाही. पोरीला दूध दिलं आणि दाराला कडी लावली. या सुनेला मी आजवर काय काय बोलले!

भैय्याजी म्हणाला, "खोटं बोलता तुम्ही, आजी. नवरा-बायकोचा मामला आहे, आपण मधात कोण? उद्यापासून येऊ नका."

"निरोप धाडताना नाही वाटलं, आपण मधात कोण? येईन मी. चूल काय तू फुकशीन?"

पेढे वाटले त्या तुळशीरामानं. माझा मी नालीत टाकला, त्याच्या देखत. तेव्हा बदलले त्याचे डोळे. फाटकाशी हळूच म्हणतो, "म्हातारे, शोधीनच मी."

तर हा खरा तुळशीराम!

१७ डिसेंबर

पुन्हा आला. ठेसनावर हमालांना विचारून राहिला. बाजारात मालतीला गाठलं. ती म्हणाली, "आमची सासू कोणाले घरात ठेवीन असं वाटते तुम्हाले?" बाजार हसला, म्हणे.

हसू दे.

२० डिसेंबर

दोघी मायलेकी पोचल्या. कुठं, कोणाकडं, कोणत्या गाडीनं — सगळं मला माहीत आहे.

इथं लिहीत नाही.