सात ठिपके

प्रिय अप्पा,

आज दुपारी इरुंगाट्टुकोट्टैला आमच्या कारखान्याची नवी कंपाउंड वॉल पुरी झाली, आणि ती सरळ नाहीये. कडुनिंबापाशी आली की ती आत वळते, चाळीसेक फूट तशीच जाते आणि मग पुन्हा मूळ रेषेवर येते. मेस्त्री म्हणाला, "मॅडम, एवढी वाकडी भिंत मी जन्मात बांधली नाही." ही बातमी सगळ्यांत आधी तुम्हाला सांगायची होती. घरी येऊन चपला काढता काढता तोंडातून "अप्पा" निघूनही गेलं. आईने स्वयंपाकघरातून नुसतं डोकावून पाहिलं. तुम्हाला जाऊन चार महिने झालेत, हे मला दारातच परत एकदा आठवलं. म्हणून हे पत्र लिहायला बसले.

नंदू आणि पत्र? हसा, हसून घ्या. हॉस्टेलवर होते तेव्हा तुमची तीन-तीन पानी पत्रं यायची आणि मी पोस्टकार्डावर चार ओळी खरडायचे. त्यातली एक ओळ ठरलेली, आईला लाडू पाठवायला सांगा. आता सगळ्या पत्रांची उत्तरं एकदम घ्या.

आपल्या भांडणापासूनच सुरुवात करते. तो रविवार आठवतो ना? जेवणाच्या टेबलावर मी दोन नकाशे पसरून बसले होते. एक कारखान्याच्या वाढीव जागेचा, जुन्या सर्वेचा, पिवळा पडलेला. दुसरा मी कॉम्प्युटरवर काढलेला, स्वच्छ. जुना कागद स्कॅन करायचा, त्यावरचे शाईचे डाग, घड्या, किड्यांची भोकं पुसायची आणि नवं ड्रॉइंग द्यायचं, हे माझं काम. तुम्ही चहाचा कप घेऊन आलात आणि चष्मा कपाळावर चढवून दोन्ही कागद पाहू लागलात. नातवंडं नाहीत म्हणून माझे नकाशे बघतात, असं आई म्हणायची.

"नंदू, या जुन्या कागदावर सात ठिपके आहेत. तुझ्यात नाहीत."

"स्कॅनिंगची घाण होती, अप्पा. पुसली."

"घाण अशी एका रांगेत पडते?"

मी माझा कागद गुंडाळायला घेतला. मग तुम्ही विचारलंत, "जाऊन पाहिलंस का तिथे?"

"कशाला जायचं? जागा रिकामी आहे. कागदावर तसं लिहिलंय."

झालं. रिकामी हा शब्द कानावर पडला की तुमचा कप खाली टेकायचा आणि तुमची वर्गातली अमेरिका सुरू व्हायची. ते ओहायोचं खोरं, साखळी ओढत निघालेले मोजणीदार, जंगलावर आखलेले चौकोन आणि त्या चौकोनांत आधीपासून राहणारी माणसं. मला ते लहानपणापासून पाठ होतं, आणि त्या दिवशी मला शुक्रवारपर्यंत ड्रॉइंग द्यायचं होतं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, "प्रत्येक गोष्टीत अमेरिका घुसवू नका, अप्पा. दोनशे वर्षांपूर्वीच्या लोकांचं दुःख तुम्हाला कळतं, पण घरात मुलगी बारा-बारा तास राबते ते दिसत नाही."

तुम्ही फक्त "बरं" म्हणालात आणि कप उचलून आत गेलात. तुम्ही चिडला असता तर बरं झालं असतं. पुढचे तीन आठवडे आपण पेपरातल्या बातम्या आणि सांबारातलं मीठ, एवढ्यावरच बोललो. मी वाट बघत होते तुम्ही बोलाल म्हणून. तुम्हीही बघत असाल. बाप-लेक एकाच मुशीतले, आई म्हणते ते काही खोटं नाही. मग एका सकाळी फिरायला जायचं म्हणून तुम्ही बुटाची नाडी बांधायला वाकलात आणि उठलाच नाहीत. माझं सॉरी ऐकायला तरी थांबायचंत की नाही?

तुम्ही या विषयात पडलात तरी कसे, हे मी कॉलनीत किती वेळा सांगितलं असेल. कराडचा माणूस तांबरमच्या कॉलेजात अमेरिकेचा इतिहास का शिकवतो, असं सगळे विचारायचे. तुमचं उत्तर ठरलेलं: "आलो होतो मराठ्यांचा इतिहास शिकवायला. तो पेपर सीनियर सरांनी आधीच घेतला होता. उरलेली अमेरिका माझ्या पदरात पडली." पण पदरात पडलेलं असं जपलंत, की दर जूनमध्ये तुमच्या शर्टाच्या बाहीवर हिरवा खडू लागलेला असायचा आणि आई तो घासत बसायची.

हिरवा खडू कशाला, ते मी आठवीत असताना पाहिलं. माझी शाळा बंद होती आणि तुम्ही मला तुमच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसवलं होतंत. तुम्ही फळ्यावर अमेरिकेचा किनारा काढलात. आधी हिरव्या खडूने तिथल्या मूळ जमातींची नावं लिहिलीत, चेरोकी, शॉनी, क्रीक, ओसेज. फळा भरला. मग पांढऱ्या खडूने राज्यांच्या रेघा मारायला लागलात, आणि प्रत्येक रेघ कुठल्या ना कुठल्या हिरव्या नावाच्या अंगावरून गेली. वर्गात कोणी हसलं नाही, एवढं मला आठवतं.

त्या नव्या देशाचं तुम्हाला कौतुकही किती होतं. सहा मैलांचा चौकोन आखायचा, त्याचे छत्तीस तुकडे करायचे आणि त्यातला सोळावा शाळेसाठी राखायचा. "एकही घर उभं नाही आणि शाळेची जागा ठरलेली," असं तुम्ही दरवेळी नव्याने सांगायचात. मग आवाज उतरायचा. चेरोकींनी आपली राज्यघटना लिहिली, आपल्या लिपीत वर्तमानपत्र काढलं, सर्वोच्च न्यायालयात जिंकलेसुद्धा, आणि तरी त्यांना घराबाहेर काढून पश्चिमेला चालवलं. त्याच वर्षांत जमीन नसलेल्या साध्या गोऱ्या माणसाला मताचा हक्क मिळत होता. तुम्ही मुलांना सांगायचात, "या दोन गोष्टी एकाच वाक्यात लिहा. वेगळ्या लिहिल्या तर मी मार्क कापणार." आणि कापायचात. अर्धा वर्ग रडायचा.

रविवारी परंगीमलैच्या पायऱ्या चढताना तुम्ही धापा टाकत सांगायचात, की तिकडे जेव्हा साखळी ओढत होते, तेव्हा याच टेकडीच्या पायथ्याशीही गोऱ्यांची साखळी पडली होती. मला वरच्या टपरीतल्या सुंडलची, त्या खोबरं घातलेल्या उसळीची, घाई असायची. मी सिव्हिल इंजिनिअर झाले आणि मोजणीचेच कागद माझ्या नशिबी आले, तेव्हा तुम्हाला किती आनंद झाला होता. तो मी त्या रविवारी एका वाक्यात घालवला.

तेराव्यानंतर आईने तुमची ट्रंक उघडायला सांगितली. वरच तुमच्या पुस्तकाचं हस्तलिखित होतं. कॉलेजात इंग्रजीत शिकवायचात आणि मराठीत लिहायचात, कराडच्या मुलांनी वाचावं म्हणून. खाली लेक्चरच्या जुन्या वह्या. पहिली वही उघडली आणि मी जमिनीवरच बसले. तुमच्याच अक्षरात ओळ होती: "ओहायोच्या पलीकडे विस्तीर्ण रिकामा प्रदेश पसरला होता." पुढच्या वर्षाच्या वहीत तीच ओळ. त्याच्या पुढच्याही. अप्पा, मी मोजलं नाही, पण एका हाताची बोटं पुरणार नाहीत इतकी वर्षं तुम्ही तेच शिकवलंत.

मग एका वहीत ती ओळ लाल शाईने खोडलेली. समासात लिहिलंय: "आज मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, सर, रिकामा होता तर हे लढले कोणाशी? उद्या वर्गाची माफी मागणे. नकाशा नावांपासून सुरू करणे."

हिरवा खडू तिथून आला तर. मग हे मला त्या रविवारी का नाही सांगितलंत? "नंदू, मीही हेच केलं होतं," एवढं म्हटलं असतंत तर मी तिथल्या तिथे विरघळले असते. तुम्ही मला ओहायो सांगितलंत, आणि स्वतःची चूक ट्रंकेत ठेवलीत. माझा तुमच्यावर राग आहे, आणि तो एवढ्याचसाठी आहे.

दुसऱ्या दिवशी मी जुना नकाशा घेऊन जागेवर गेले. ड्रॉइंग कधीच मंजूर झालं होतं. भिंतीसाठी चुन्याची रेघ मारलेली होती, खड्डे खणायला दोन दिवसांनी सुरुवात होणार होती. ऊन मी म्हणत होतं. कागदावर ठिपके होते तिथे एक कडुनिंब उभा होता आणि त्याच्याखाली मांडलेले सात दगड, हळद लावलेले, ओळीने. बाजूने एक पायवाट एरीकडे, म्हणजे गावच्या तळ्याकडे जात होती. झाडाला पाठ लावून एक म्हातारी बसली होती, भोवती आठ-दहा शेळ्या.

मी तमिळमध्ये आजी म्हणून हाक मारून विचारलं, "पाटी, हे काय आहे?"

"कन्निमार," ती म्हणाली. "सात बहिणी. पाणी राखतात. तू कंपनीची का?"

अप्पा, त्या आपल्या साती आसरा होत्या. आईच्या माहेरी विहिरीवर आहेत, अगदी तशाच. मी चौथीत असताना तिथे हळदकुंकू वाहिलं होतं, आणि त्याच हातांनी माऊस धरून मी त्यांना घाण म्हणून पुसलं होतं. मला तिथे रडू आलं. म्हातारीचं नाव कन्नियम्मा. तिने मला विचारलं, "चुना कोणी मारला? माझी सासूही इथेच दिवा लावायची." मी सांगितलं, की चुना माझ्या कागदावरून मारलाय. ती लेकराला समजवावं तसं म्हणाली, "कण्णु, तू आली नव्हतीस ना आधी. तुला कसं कळणार?" शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या.

आमच्या साहेबांच्या, रामनाथन सरांच्या केबिनमध्ये जायला मला एक पूर्ण दिवस लागला. मंजूर ड्रॉइंग चुकलंय म्हणून स्वतः सांगायला जाणं, आणि तेही प्रमोशनच्या यादीत नाव असताना. सर म्हणाले, "तू वेडी आहेस का? कोणी विचारलंय तुला?" मी म्हटलं, कोणी नाही. ठिपके मीच पुसलेत, जुना कागद हा बघा. ते म्हणाले, "दगडच ना? उचलून दुसरीकडे मांडू." तुमचं एकही लेक्चर मला आठवेना, एरवी पाठ असलेलं. शेवटी मी एवढंच म्हटलं, "सर, एकदा माझ्याबरोबर तिथे या. पाहून तुम्ही जे म्हणाल ते."

संध्याकाळी पाच वाजता ते आले. कन्नियम्मा तिथेच होती, ती उठलीसुद्धा नाही. सर कडुनिंबापासून दहा पावलांवर थांबले, दगडांकडे पाहिलं आणि बूट काढले. मोजे घालूनच पुढे गेले, वाकले, आणि परत येताना मला म्हणाले, "इथे होणारा स्कूटर स्टँड हलवता येईल का बघ." मी बघितलं. हलवता आला. सुधारलेल्या ड्रॉइंगवर मी पायवाट दाखवली, झाड दाखवलं आणि सात ठिपके परत मांडले, बाजूला नाव लिहून. प्रमोशन या वर्षी नाही मिळालं. पुढच्या वर्षी बघू.

आता मार्क कापू नका, एकाच वाक्यात लिहिते: सात बहिणी, कडुनिंब आणि तळ्याची वाट राहिली, आणि कन्नियम्माच्या शेळ्यांचं रान भिंतीच्या आत गेलं. ती आता शेळ्या एरीच्या पलीकडे नेते, लांब पडतं. पण गावच्या बायका मंगळवारी येतात आणि भिंतीच्या त्या वळणात उभ्या राहून दिवा लावतात. गेल्या मंगळवारी आईही आली होती माझ्याबरोबर, ओटीचं सामान घेऊन. तिला तमिळ बाजारापुरतं येतं आणि कन्नियम्माला मराठी मुळीच नाही. दोघी तासभर बोलत होत्या. गाडीत बसल्यावर आई म्हणाली, "माहेरी जाऊन आल्यासारखं वाटलं." तुम्ही गेल्यापासून ती पहिल्यांदा आपणहून मनातलं काही बोलली.

आता सरांनी शोळिंगनल्लूरच्या बाजूच्या एका जागेचे कागद माझ्याकडे दिलेत आणि वर म्हणाले, "आधी जाऊन ये, मग पूस." सगळ्या टीमला तेच सांगितलंय. तुमचा वर्ग अजून भरतोय म्हणायचा.

तुमचं पुस्तक मी टाइप करायला घेतलंय. रोज दोन पानं, ऑफिसला निघायच्या आधी. आई शेजारी बसून तुमचं अक्षर लावून देते. छापायला देताना सगळं नीटनेटकं करीन, शुद्धलेखन तपासून घेईन, तुमच्या लांबलचक वाक्यांना थोडी कात्रीही लावीन, रागावू नका. पण पहिलं पान तुमच्या त्या वहीचं असेल, जसंच्या तसं, लाल रेघेसकट. शब्द देते, अप्पा, ती खोडलेली ओळ मी पुसणार नाही.

तुमची,
नंदू